खाडीकाठची जमीन, सोलापूरचे मालक आणि वाहनतळाचे आरक्षण : एक प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

सोलापुरातील चार कुटुंबांनी मिळून कोकण किनाऱ्यावरील एका छोट्या नगरपंचायतीच्या हद्दीत सव्वीस गुंठे जमीन घेतली. खरेदीनंतर तिसऱ्या वर्षी त्या नगरपंचायतीची प्रारूप विकास योजना (गावातील जमिनींचा वापर ठरवणाऱ्या योजनेचा मसुदा) प्रसिद्ध झाली आणि त्यातील सुमारे बारा गुंठ्यांवर वाहनतळाचे आरक्षण दाखवलेले आढळले, म्हणजे तेवढी जागा सार्वजनिक वाहनतळासाठी राखून ठेवली होती. नगररचना सल्लागार या नात्याने हे प्रकरण सोलापुरात माझ्यासमोर आले आणि शेवटपर्यंत मी त्याच्याशी जोडलेला राहिलो. संबंधितांच्या संमतीने ते येथे मांडत असलो, तरी गावाचे नाव, सर्व्हे नंबर आणि व्यक्तींची ओळख वगळली आहे.

चार कुटुंबांपैकी एक जुळे सोलापुरात राहणाऱ्या गणिताच्या निवृत्त शिक्षकांचे होते. त्यांना सगळेच 'सर' म्हणतात. दुसरे अक्कलकोट रोडच्या औद्योगिक वसाहतीत टॉवेलचा कारखाना चालवणाऱ्या उद्योजकांचे, ज्यांना सोलापूरच्या रीतीप्रमाणे 'मालक' अशीच हाक आहे. तिसरे होटगी रोडवर दवाखाना असलेल्या डॉक्टरबाईंचे आणि चौथे मोहोळ तालुक्यातील बागायतदार अण्णांचे. चौघांच्याही नावावर सोलापूर जिल्ह्यात शेती असल्यामुळे महाराष्ट्र कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियमाच्या कलम ६३ ची, म्हणजे बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन विकत घेता येत नाही या तरतुदीची, अडचण त्यांना आली नाही. निवृत्तीनंतर राहण्यासाठी चार खोल्या आणि उरलेल्या जागेत पर्यटकांसाठी छोटे निवासस्थान, असा त्यांचा बेत होता.

खरेदीच्या वेळी जमीन सातबारावर शेतीचीच होती आणि प्रादेशिक योजनेतही ती शेती विभागातच होती. एजंटाने दोन गोष्टी ठासून सांगितल्या होत्या. गावाची विकास योजना येते आहे, त्यात ही जमीन पिवळ्या पट्ट्यात, म्हणजे रहिवास विभागात जाणार आहे, ही पहिली. आणि समुद्राच्या भरतीरेषेपासून जमीन पाचशे मीटरच्या बाहेर असल्यामुळे सीआरझेडचा, म्हणजे सागरी किनारा नियमन क्षेत्राचा, प्रश्नच येत नाही, ही दुसरी. पहिली गोष्ट अर्धी खरी ठरली. दुसऱ्या गोष्टीतील अंतर अचूक होते, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा होता. या प्रकरणाची सगळी गुंतागुंत त्या एका निष्कर्षातून निघाली.

अडचण कशी उभी राहिली

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ नुसार विकास योजना तयार करण्याचा इरादा कलम २३ खाली जाहीर केला जातो, त्यानंतर विद्यमान जमीनवापराचा नकाशा तयार होतो, आणि कलम २६ खाली प्रारूप योजना प्रसिद्ध करून हरकती व सूचनांसाठी तीस दिवसांची मुदत दिली जाते. ही प्रसिद्धी राजपत्रात आणि स्थानिक वृत्तपत्रात होते. या टप्प्यावर प्रत्येक जमीनमालकाला घरपोच नोटीस पाठवण्याचे बंधन कायद्यात नाही. मंजूर योजनेत कलम ३७ खाली किरकोळ फेरबदल करायचा असेल, तर मात्र बाधित व्यक्तींना नोटीस द्यावी लागते. हा फरक फार थोड्यांना माहीत असतो, आणि जमिनीपासून दूर राहणाऱ्या मालकाला तो सर्वांत जास्त भोवतो.

येथे तेच झाले. जाहिरात कोकणातील वृत्तपत्रात आली, जी सोलापुरात कोणाच्या पाहण्यात येणे शक्यच नव्हते. जमिनीतील नारळ आणि कोकमाची झाडे बघणाऱ्या शेजाऱ्यांनी अण्णांना फोन करून "तुमच्या जागेवर काहीतरी निळा-लाल रंग टाकलाय" असे सांगितले, तेव्हा मुदतीचे जेमतेम दहा-बारा दिवस उरले होते.

भाग नकाशा, म्हणजे योजनेच्या नकाशातील या जमिनीपुरता भाग, हाती आला तेव्हा चित्र असे दिसले. जमीन उत्तर-दक्षिण लांबट आहे. पश्चिमेकडून किनाऱ्याकडे जाणारी अरुंद वाट जाते आणि दक्षिणेला एक व्हाळ, म्हणजे ओढा, आहे. दक्षिणेकडील बारा गुंठ्यांवर वाहनतळाचे आरक्षण होते. पश्चिमेची वाट बारा मीटर रुंद दाखवल्यामुळे त्या बाजूची एक पट्टी रस्त्यात जात होती. उरलेला उत्तरेचा भाग रहिवास विभागात आला होता. म्हणजे ज्या योजनेने पुढची जागा घेतली, तिनेच मागच्या जागेला बांधकामाची वाट मोकळी करून दिली होती. पहिल्या संतापात ही गोष्ट चौघांपैकी कोणाच्याही लक्षात आली नव्हती, आणि पुढच्या प्रत्येक निर्णयात तिलाच सर्वाधिक वजन होते.

जागेवर काय आढळले

हरकतीचा मसुदा करण्याआधी जागा पाहणे आवश्यक होते. सांगोला, मिरज, कोल्हापूर करत घाट उतरून आम्ही तेथे पोहोचलो तेव्हा ओहोटी होती. दक्षिणेच्या व्हाळात घोट्याएवढे पाणी होते आणि काठाचा चिखल उघडा पडला होता. खरेदीच्या वेळी चौघांनी हाच देखावा पाहिला होता आणि त्यांच्या डोळ्यांना तो आपल्याकडच्या उन्हाळ्यातल्या ओढ्यासारखा दिसला होता. सोलापूरकडच्या माणसाने असे समजणे स्वाभाविक आहे, कारण आपल्या ओढ्याला पाणी येते ते वरून, पावसाचे. त्याच दिवशी दुपारनंतर भरती लागली आणि व्हाळ उलट्या दिशेने भरू लागला. चिखलातून पेन्सिलीएवढी मुळे वर डोकावत होती, ती एकेक करून पाण्याखाली गेली. काठावरची झाडे चिपीची होती आणि त्यांच्यामध्ये तिवराची रोपे होती. म्हणजे हा व्हाळ खाडीचाच फाटा होता आणि काठावर होते ते कांदळवन, म्हणजे खारफुटी.

सागरी किनारा नियमनाच्या अधिसूचनेचा आवाका समुद्रापासूनच्या पाचशे मीटरपुरता नाही. भरतीचे पाणी जेथपर्यंत शिरते त्या खाड्या, नद्या आणि ओढे यांच्या काठांनाही ती लागू होते. भरतीचा प्रभाव कोठपर्यंत आहे हे वर्षातील सर्वांत कोरड्या काळात पाण्याची क्षारता दर हजार भागांत पाच भाग भरते का, यावरून ठरवले जाते. ६ जानेवारी २०११ च्या अधिसूचनेनुसार अशा काठावरचे नियमन शंभर मीटर किंवा प्रवाहाची रुंदी, यांपैकी जे कमी असेल तितक्या अंतरापर्यंत होते. १८ जानेवारी २०१९ च्या अधिसूचनेने शंभरचे पन्नास केले. आपला व्हाळ पंधरा मीटरच्या आसपास रुंद असल्यामुळे केवळ या निकषाने पाहिले असते तर पंधरा मीटरची पट्टी गेली असती आणि विषय तेथेच मिटला असता.

कांदळवनामुळे तो मिटला नाही. दोन्ही अधिसूचनांमध्ये कांदळवन हे सर्वाधिक संरक्षित वर्गात येते, आणि त्याचे क्षेत्र एक हजार चौरस मीटरपेक्षा जास्त असेल तर त्याभोवती पन्नास मीटरचा संरक्षक पट्टा धरला जातो. आमच्या जागेलगतची झाडे तेवढी भरणार नाहीत, अशी डॉक्टरबाईंना आशा होती आणि त्यांनी तसे मोजून घ्यावे म्हणून आग्रह धरला. परंतु मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१८ मध्ये दिलेल्या निर्णयात कांदळवन कोणाच्या मालकीचे आहे आणि किती क्षेत्रावर आहे याचा विचार न करता त्याच्या सर्व बाजूंनी पन्नास मीटरपर्यंत बांधकामास मनाई केलेली आहे. त्यामुळे झाडे नऊशे चौरस मीटर भरली काय किंवा अकराशे भरली काय, परिणाम तोच राहणार होता. दक्षिण सीमेपासून उत्तरेकडे पन्नास मीटर मोजल्यावर सव्वीसपैकी साधारण सोळा गुंठे त्या पट्ट्यात सापडले. वाहनतळाचे बाराच्या बारा गुंठे त्या सोळांत होते.

हे कळल्यावर खोलीत बराच वेळ कोणी बोलले नाही. जमिनीची निम्म्याहून अधिक किंमत आपण कधीच बांधू न शकणाऱ्या जागेसाठी मोजली होती, हे त्या दिवशी चौघांना पहिल्यांदा समजले. पण त्याच नकाशाने आणखी एक गोष्ट दाखवली होती. ज्या जागेवर चौघांना बांधता येणार नाही, त्या जागेवर भराव घालून, फरसबंदी करून वाहनतळ करणे नगरपंचायतीलाही शक्य नव्हते.

गावाची गरज

जमीनमालकाची बाजू तपासताना आरक्षण मुळात कशासाठी टाकले गेले, हे विचारायला बहुतेक जण विसरतात. आम्ही ते विचारले. किनाऱ्यावर रापणीची मासेमारी चालते. होडीने जाळे अर्धवर्तुळात टाकायचे आणि दोन्ही टोके किनाऱ्यावरून माणसांनी ओढून आणायची, असे ते काम आहे. त्यासाठी वाळूवर मोकळी जागा लागते आणि आलेली मासळी तातडीने बाहेर नेण्यासाठी वाट मोकळी लागते. मे महिन्यात आणि डिसेंबरच्या सुट्टीत पर्यटकांच्या गाड्या त्या अरुंद वाटेत दोन्ही बाजूंना उभ्या राहतात. मासळी विकणाऱ्या एका बाईंनी डॉक्टरबाईंना सरळ सुनावले, "मे म्हयन्यात गाड्यांनी वाट बंद होता, मगे आमी टोपली खंयसून न्हेवची?" डॉक्टरबाईंनी त्यावर वाद घातला नाही, आपणही दोन मे महिने याच वाटेत गाडी लावली होती, हे त्यांनी नंतर आम्हाला सांगितले.

वाहनतळाची गरज खरी होती. जागा चुकली होती. हा भेद ज्या दिवशी चौघांना पटला, त्या दिवसापासून हरकतीची भाषा बदलली.

कोणते पर्याय समोर होते

मुदत थोडी होती आणि सल्ले भरपूर होते. सोलापुरात सरांच्या घरी झालेल्या बैठकीत पाच वाटांचा विचार झाला.

जमीन आहे त्या स्थितीत विकून टाकावी, असे कारखानदार मालकांचे प्रारंभी मत होते. आरक्षणाची बातमी गावात पसरलेली असल्यामुळे भाव पडला होता. शिवाय कांदळवनाची माहिती दडवून दुसऱ्या कोणाला तरी गळ्यात मारायची, हे सरांना मुळीच मान्य नव्हते. हा पर्याय लवकर बाजूला पडला.

दुसरी वाट थांबून राहण्याची होती, आणि सोलापूरकरांना ती जवळची वाटते याला कारण आहे. १९९२ मध्ये सोलापूर महानगरपालिकेची हद्दवाढ होऊन शेळगी, दहिटणे, बाळे, केगाव, सोरेगाव, कुमठे, मजरेवाडी अशी गावे शहरात आली. तेव्हापासून हद्दवाढ भागातील घरोघरी आरक्षण हा शब्द परिचयाचा आहे. आरक्षण पडते, पैसे नसल्यामुळे ते कोणी ताब्यात घेत नाही, आणि वर्षे निघून जातात, असा तेथील लोकांचा अनुभव आहे. त्या बळावर अण्णांचे म्हणणे होते की कलम १२७ ची वाट पाहावी. अंतिम विकास योजना अमलात आल्यापासून दहा वर्षांत जमीन संपादित झाली नाही, तर जमीनमालक मालकीच्या कागदपत्रांसह खरेदी सूचना (जमीन संपादित करा, अशी नोटीस) बजावू शकतो आणि त्यानंतर चोवीस महिन्यांत संपादनाची पावले उचलली गेली नाहीत तर आरक्षण व्यपगत होते, म्हणजे आपोआप संपते. पूर्वी ही मुदत सहा महिने होती, ती आधी बारा आणि २०१५ च्या सुधारणेने चोवीस महिने झाली. हिशेब केला तर मंजुरीला लागणारा काळ धरून किमान चौदा-पंधरा वर्षे. सरांचे वय तेव्हा सत्तरीला टेकले होते. पण वयापेक्षा मोठे कारण वेगळे होते: आरक्षण व्यपगत झाले तरी कांदळवनाचा पट्टा व्यपगत होत नाही. इतकी वर्षे थांबून हाती आली असती ती बांधकामाला बंद असलेलीच जागा.

तिसरी वाट गावातील कृती समितीबरोबर जाण्याची होती. संपूर्ण विकास योजनाच रद्द करावी, अशी त्या समितीची मागणी होती आणि सह्यांच्या मोहिमेत सोलापूरच्या चौघांनीही यावे असा निरोप आला होता. गावकऱ्यांचा राग समजण्यासारखा होता; पिढ्यान्‌पिढ्यांच्या वाड्यांमधून बारा मीटरचे रस्ते आखलेले पाहिल्यावर कोणाचेही डोके फिरेल. परंतु योजना रद्द झाली असती तर उत्तरेच्या दहा गुंठ्यांना मिळू घातलेला रहिवास विभागही गेला असता आणि जमीन पुन्हा पूर्वीच्या शेती विभागात जाऊन पडली असती. सर्वांसाठी मागणी करायची आणि मनात आपल्या फायद्याचा हिशेब ठेवायचा, हेही चौघांना बरे वाटले नाही. समितीला त्यांनी स्पष्ट कळवले की रस्त्याची रुंदी कमी करण्याच्या मागणीला आमचा पाठिंबा आहे, योजना रद्द करण्याच्या मागणीला नाही. काही काळ त्यांच्याशी बोलणे बंद झाले, पण पुढे सुनावणीच्या वेळी याच स्पष्टपणाचा उपयोग झाला.

वजनदार माणसाकडून शब्द टाकण्याचा सल्लाही अर्थातच आला. त्यावर फार वेळ गेला नाही. शब्दाने उठलेले आरक्षण दुसऱ्या कोणाच्या शब्दाने परत बसते, हे सरांचे म्हणणे सर्वांना पटले.

उरली ती रीतसर हरकत. तिचेही दोन प्रकार होते: "आमच्यावर अन्याय झाला, आरक्षण काढा" अशी नेहमीची हरकत, किंवा आरक्षणाची गरज मान्य करून त्यासाठी योग्य जागा सुचवणारी हरकत. दुसरा प्रकार निवडायचा ठरला.

कळीचा निर्णय

सर्वांत कठीण प्रश्न यानंतर आला. हरकतीत कांदळवनाचा पट्टा स्वतःहून दाखवायचा की नाही?

प्रारूप नकाशावर तो दाखवलेला नव्हता. दाखवला तर आरक्षण टिकणार नाही, हे उघड होते. पण सोळा गुंठ्यांवर आपल्यालाही कधी काही बांधता येणार नाही, हे सरकारी कागदावर आपल्याच हाताने लिहून दिल्यासारखे होणार होते. मालकांनी हे मोकळेपणाने बोलून दाखवले. "सर, आपणच होऊन कशाला सांगायचं ओ? रस्ता अरुंद आहे, गर्दी होईल, एवढंच लिहू की. पुढचं पुढं बघू."

सरांनी उत्तर दिले ते असे: "मालक, नकाशा काय आपल्या कपाटात नाही. झाडं तिथं उभी आहेत. उद्या तिसऱ्यानं दाखवलं तर आपण लपवलं असं होईल, आणि मग उत्तरेकडच्या दहा गुंठ्यांवरही कोणी विश्वास ठेवणार नाही."

नैतिक बाजू बाजूला ठेवली तरी व्यवहाराच्या दृष्टीनेही सरांचेच म्हणणे बरोबर होते, असे माझे मत तेव्हाही होते आणि आजही आहे. कांदळवनाचे संरक्षण कोणी जाहीर केल्याने सुरू होत नाही, ते असतेच. लपवून मिळवलेली बांधकाम परवानगी कोणत्याही टप्प्यावर रद्द होऊ शकते आणि तोवर झालेला खर्च वाया जातो. डॉक्टरबाई आणि अण्णा सरांच्या बाजूने आले. मालकांनी विरोध नोंदवून संमती दिली.

केलेली कार्यवाही

मुदत संपण्याआधी हरकत प्रत्यक्ष दाखल करून पोच घेण्यात आली. सोबत सातबारा, मोजणीचा नकाशा, भाग नकाशा, भरती आणि ओहोटीच्या वेळी एकाच जागेवरून घेतलेली छायाचित्रे आणि किनारा व्यवस्थापन आराखड्याचा संबंधित भाग जोडला. १:४००० प्रमाणातील सीआरझेड नकाशा केवळ प्राधिकृत संस्थांकडूनच करून घ्यावा लागतो. तो इतक्या थोड्या दिवसांत मिळणे शक्य नव्हते, म्हणून तो सुनावणीच्या वेळी सादर करू, असे हरकतीतच लिहून ठेवले. तसे लिहिले नसते, तर नंतर आणलेला कागद उशिरा आला म्हणून बाजूला ठेवला गेला असता.

पर्यायी जागा शोधण्याचे काम खरे तर गावातल्यांनी केले. गावाच्या तोंडाशी, एसटी स्थानकालगत शासकीय मालकीची पडीक जागा होती. तेथे गाड्या थांबवल्या तर किनाऱ्याच्या वाटेत त्या शिरणारच नाहीत, अशी सूचना रापणवाल्यांकडूनच आली. ती त्यांच्याच सहीने स्वतंत्र सूचना म्हणून जावी, असा आम्ही आग्रह धरला. बाहेरगावच्या मालकाने गावाला जागा सुचवणे आणि गावाने स्वतः सुचवणे, यांत ऐकणाऱ्याच्या दृष्टीने मोठे अंतर असते.

सगळे गाव एकमताचे मुळीच नव्हते. किनाऱ्याजवळच्या उपाहारगृहांचे आणि सरबताच्या गाड्यांचे चालक या जागेच्या विरोधात होते, कारण स्थानकापासून चालत येणारा पर्यटक कमी येईल, अशी त्यांना भीती होती. तिला उत्तर म्हणून वाटेच्या तोंडाशी वृद्ध व अपंग प्रवाशांना उतरवण्यापुरती आणि मासळीच्या टेम्पोंपुरती छोटी जागा असावी, असे सुचवण्यात आले. विरोध संपला नाही, पण सौम्य झाला.

सुनावणी कलम २८ खालील नियोजन समितीपुढे झाली. तीत नगरसेवकांबरोबर शासनाने नेमलेले नगररचनेचे जाणकार सदस्य असतात. सोलापूरहून सर आणि डॉक्टरबाई गेल्या. प्रत्येक हरकतीला फार थोडा वेळ मिळतो, हे माहीत असल्यामुळे सरांनी एकच कागद पुढे केला. प्रारूप नकाशा पारदर्शक कागदावर काढून तो सीआरझेड नकाशावर ठेवलेला होता, आणि आरक्षणाचा चौकोन हिरव्या पट्ट्याच्या आत संपूर्ण बसलेला कोणालाही दिसत होता. समितीतील एका जाणकार सदस्याने विचारले, "म्हणजे तुम्हालाही इथे काही करता येणार नाही, हे मान्य आहे ना?" सरांनी होकार दिला. त्यानंतर वाहनतळाबद्दल प्रश्न आले नाहीत. पुढचे सगळे प्रश्न एसटी स्थानकाजवळच्या जागेचे होते.

निष्पत्ती

नियोजन समितीने आरक्षण पूर्ण वगळून ते शासकीय जागेवर दाखवण्याची शिफारस केली. नगरपंचायतीच्या सर्वसाधारण सभेत मात्र निम्मे आरक्षण मूळ जागीच ठेवण्याचा ठराव झाला आणि योजना त्या स्वरूपात कलम ३० खाली शासनाकडे गेली. ही कलाटणी अनपेक्षित होती आणि चौघांचा धीर येथेच सुटण्याच्या बेतात आला. पण समितीचा अहवाल आणि सुनावणीतील नकाशा योजनेसोबतच शासनाकडे जात असल्यामुळे, त्याच आधारे एक निवेदन नगररचना विभागाकडे देण्यात आले आणि वाट पाहण्यात आली. कलम ३१ खालील मंजुरीत शासनाने समितीची शिफारस कायम केली. किनाऱ्याच्या वाटेची रुंदी बारा मीटरवरून नऊ मीटर झाली. तिच्यासाठी कृती समितीने स्वतंत्रपणे झगडा दिला होता आणि त्याचे श्रेय त्यांचेच आहे.

आजची स्थिती अशी आहे. दक्षिणेचे सोळा गुंठे कांदळवनाच्या पट्ट्यात असून तेथे नारळ-कोकमाची झाडे जशी होती तशी आहेत. उत्तरेच्या सुमारे दहा गुंठ्यांपैकी थोडी पट्टी रस्त्यात गेली. एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार रस्त्यासाठी दिलेल्या क्षेत्राचे चटईक्षेत्र, म्हणजे बांधकामाचा हक्क, उरलेल्या भूखंडावर मिळू शकते, आणि तसा प्रस्ताव बांधकाम परवानगीसोबत दाखल झाला आहे. पर्यटक निवासाचा बेत सोडून दोन छोटी घरे बांधायचे ठरले आहे. मालक या व्यवहारातून बाहेर पडले. त्यांचा हिस्सा उरलेल्या तिघांनी घेतला, तोही मूळ किमतीपेक्षा कमी भावाने. आर्थिक हिशेब मांडला तर चौघांनाही तोटाच झाला आहे. आरक्षण उठल्याच्या आनंदात ही गोष्ट झाकली जाऊ नये.

काय वेगळे करता आले असते

कलम २३ खालील इरादा या जमिनीच्या खरेदीआधीच जाहीर झालेला होता. योजना तयार होत असलेल्या गावात जमीन घेताना कोणता विभाग येईल याच्या अंदाजावर पैसे मोजले जातात, आणि आरक्षण येण्याची शक्यता कोणी मोजत नाही. नगरपंचायतीत आणि नगररचनेच्या शाखा कार्यालयात चौकशी केली असती, तर विद्यमान जमीनवापराचा नकाशा तेव्हाच पाहायला मिळाला असता. झोन दाखला (जमीन कोणत्या विभागात येते याचा दाखला) आणि भाग नकाशा हे साठेखताच्या आधी घ्यायचे कागद आहेत. येथे ते आरक्षण पडल्यावर घेतले गेले.

किनारपट्टीवर जागा पाहायला जाताना भरती-ओहोटीचे वेळापत्रक पाहून जावे, आणि शक्य तर अमावास्या किंवा पौर्णिमेच्या आसपास, उधाणाच्या वेळी जावे. हा सल्ला मी आता घाटावरच्या प्रत्येक ग्राहकाला देतो. पाचशे मीटरचा आकडा सांगणाऱ्याला, जवळच्या पाण्यात भरती चढते का, असा एक प्रश्न विचारला असता तरी बरेच काही निष्पन्न झाले असते.

दूर राहणाऱ्या मालकांच्या बाबतीत शेजारसंबंधांचे मोल या प्रकरणात पुरेपूर दिसले. झाडे बघणाऱ्या शेजाऱ्यांचा फोन आला नसता तर तीस दिवस तसेच निघून गेले असते. अण्णांनी त्यांना दरवर्षी न चुकता नारळांचा वाटा आणि मजुरी दिली होती, घरच्या लग्नाला बोलावले होते. जमिनीवर केवळ फलक लावून निघून येणाऱ्या मालकांना असा फोन कोण करणार?

निर्णयाच्या क्रमाबद्दल एक मतभेद अजून शिल्लक आहे. मालकांचे आजही म्हणणे आहे की आधी केवळ रस्ता आणि गर्दी यांच्या आधारे हरकत घ्यायला हवी होती आणि कांदळवनाचा मुद्दा सुनावणीपर्यंत राखून ठेवायला हवा होता. मला ते पटत नाही, कारण हरकतीत नसलेला मुद्दा सुनावणीत नव्याने उभा करता येईलच याची खात्री नसते. मात्र एका बाबतीत त्यांची तक्रार रास्त आहे. सोळा गुंठ्यांवर परिणाम होणार हे कळल्यावर चौघांनी आपापसातील हिस्स्यांचा लेखी करार तेव्हाच करायला हवा होता. तो न केल्यामुळे पुढे बाहेर पडताना किमतीवरून कटुता आली, आणि कायद्याच्या लढाईत एकत्र राहिलेली माणसे हिशेबाच्या टेबलावर दुरावली.

नगरपंचायतीच्या बाजूने पाहिले तर आरक्षणे निश्चित करण्याआधी प्रारूप नकाशावर किनारा व्यवस्थापन आराखडा ठेवून पाहणे हे एका दुपारचे काम होते. छोट्या नगरपंचायतींकडे स्वतःचा नगररचनाकार नसतो, मनुष्यबळ अपुरे असते, हे मान्य केले तरी किनाऱ्यावरच्या गावात हे पाऊल वगळता येत नाही. प्रसिद्धीच्या बाबतीतही कायद्याच्या किमान अटीपलीकडे जाता येते: आरक्षणाखालील सर्व्हे नंबरांच्या सातबारावरील नावांना साधे पत्र पाठवायला अशा गावात काही शे पत्रेही लागत नाहीत. आणि एसटी स्थानकाजवळची जागा शासकीय असली तरी ती आपोआप वाहनतळ होत नाही. जिल्हाधिकाऱ्यांकडे रीतसर मागणी करून तिचा ताबा घ्यावा लागतो. तो प्रस्ताव अद्याप गेलेला नाही. रापणवाल्यांनी त्यासाठी अर्ज तयार केला असून त्याच्या मसुद्याला सरांनी हातभार लावला आहे.